हात लावायचा नाही

१२ ऑक्टोबर

प्रिय आयली,

इथलं सगळं ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण नसतीस तर कॅरोल आत्यानं आतापर्यंत माझा फोन वाजवून वाजवून गरम केला असता.

एका अर्जात मला 'पूर्वानुभव' लिहायचा होता. त्यासाठी दोन ओळींची जागा सोडलेली. दोन ओळींत माझं काय मावणार? तिथे 'सुतारकाम, तीस वर्षं' एवढंच लिहिलं आणि घरी आलो. पण ते पोटात राहिलं, म्हणून बाकीचं तुला लिहितो.

मी स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टी: आपलं घर, पायापासून धुराड्यापर्यंत. सॉना, आपली वाफेची न्हाणी, दोनदा, पहिली जळाली ती तुझ्या रॉय काकानं ओली राख लाकडी बादलीत ठेवली म्हणून. म्हणजे तो म्हणाला ओली होती. स्वयंपाकघरातली कपाटं, चेरीच्या लाकडाची, एकही खिळा न मारता. चर्चच्या घंटेकडे जाणारा वळता जिना. कोस्की म्हातारीच्या चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढचा उतार, ज्यावरून ती हिवाळ्यात एकदाही घसरली नाही. सहा होड्या, त्यातल्या पाच तरंगतात. तुझ्या आजोबांची शवपेटी. ती त्यांनी जिवंतपणी आडवं होऊन बघितली आणि खांद्यापाशी जरा आखूड आहे म्हणाले, मग मी ती परत उघडली. तुझा पाळणा. तुझी बर्फावरची घसरगाडी. तुझ्या खोलीची खिडकी, जी तुझ्या आईला दक्षिणेला हवी होती आणि मी पूर्वेला काढली.

यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. बघितलं, चुकलं, उसवलं, परत केलं. आता या वयात वर्गात जाऊन बसतो. हसू नकोस.

घर-तपासनिसाचं लायसन्स काढतोय. कुणी घर विकत घ्यायला निघाला की तो आधी एक माणूस पाठवतो, छप्पर, पाया, वायरी, नळ, धुराडं सगळं बघून यायला. तो माणूस. आपल्या राज्यात त्याला परीक्षा द्यावी लागते, वर्ग करावे लागतात. शनिवारी सकाळी गाडी काढून अॅशलंडला जातो. वर्गात सगळ्यांत म्हातारा मी, आणि पेन्सिल कानावर ठेवणाराही मी एकटाच.

कारण विचारशील तर गुडघे. छपरावर बसून दिवस काढणं आता होत नाही. तपासनिसाला छपरावर चढावं लागतं, पण तिथे राहावं लागत नाही.

कॅरोल म्हणाली की तू मिलवॉकीत घर बघते आहेस. चांगलं आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

वर्गाबरोबर एखाद्या लायसन्सवाल्या तपासनिसाच्या मागे मागे फिरावं लागतं. मला मिळालेल्या बाईंचं नाव डॉना विचोरेक. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण शिडी स्वतः उचलते आणि कुणी मदतीला हात पुढे केला तर त्या हाताकडे अशी बघते की हात आपोआप मागे जातो. परवा तिच्याबरोबर पहिलं घर पाहिलं. तिथे काय झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर गावभर होईल.

ती वर माळ्यावर गेली होती. मला म्हणाली, स्वयंपाकघर बघून ठेवा. मी बेसिनखालचं कपाट उघडलं. नळाच्या जोडावर थेंब. एक थेंब, मग बऱ्याच वेळानं दुसरा. खिशात छोटा पाना होताच. पाव फेरा दिला. थेंब थांबला. फडक्यानं पुसून मी कपाट लावत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी.

"काय करताय, लाहती?"

"गळत होतं. आवळलं."

"कुणी सांगितलं आवळायला?"

"पाण्यानं."

तिला हसू आलं नाही. "आता मी काय लिहू? 'गळत नाही' असं? महिन्यानं परत गळायला लागलं, फळ्या कुजल्या, की घर घेणारा माझ्या दारात येऊन म्हणेल, बाईंनी नीट बघितलंच नाही. त्यानं पैसे कशाचे दिलेत? जे आहे ते बघायचे. सैल करा."

"काय?"

"होतं तसं करा. थेंब पडू दे."

आयली, मी आयुष्यात अनेक गळत्या बंद केल्या. लावून दिली ती ही पहिली. हात पुढे जाईना. पाना धरला, फिरवला, तर जरा जास्तच फिरला आणि धार लागली. डॉना वाकून बघत होती. म्हणाली, "इतकंही गळत नव्हतं. उगाच अतिशयोक्ती नको. खरं होतं तेवढंच गळू द्या."

मग तिच्या गाडीत बसून आम्ही मांस-बटाटा भरलेल्या पास्टी खाल्ल्या. तिनं स्वतःची अर्धी कापून मला दिली, कारण माझी मी घरी विसरलो होतो. खाताना म्हणाली, "एक गोष्ट डोक्यात खिळा मारून ठोकून घ्या. जे घर तुम्ही तपासलंत, त्या घराला पुढची दोन वर्षं हात लावायचा नाही. पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. एक स्क्रूसुद्धा नाही."

"का?"

"कारण नाहीतर प्रत्येक सुतार तपासनीस होईल, आणि प्रत्येक घरात त्याला बरोबर सुतारकामच बिघडलेलं सापडेल." ती बोटं पुसत म्हणाली, "तपासनीस बघतो. बघतो, लिहितो आणि घरी जातो. तुम्हाला ते जमेलसं दिसत नाही, पण बघू. आणि तो पाना घरी ठेवून येत जा."

पाना आता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय. पँटच्या खिशाला त्याच्या आकाराचा खळगा पडलाय, तो काही जात नाही.

शनिवारी संध्याकाळी सॉना तापवतो, नेहमीसारखीच. लाकडं मात्र अजून तिघांपुरतीच उचलली जातात. हाताला तेवढीच सवय आहे. मग आत इतका ताप होतो की बसवत नाही, आणि मी ओट्यावर बाहेर बसून धूर बघतो. तलावावर बदकं जमली आहेत, जायच्या तयारीत.

घरं बघताना एवढंच कर. आधी तळघरात जा आणि नाकानं बघ. ओल डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. घरवाल्यांनी सुगंधी मेणबत्ती लावली असेल तर जास्त जोरात श्वास घे.

उत्तराची घाई नाही.

तुझा,
वॉरेन लाहती
(म्हणजे बाबा. तू हसतेस म्हणून कंसात.)


९ जानेवारी

प्रिय आयली,

तू पाठवलेलं अंगठ्याचं चित्र मिळालं. कॅरोलनं सांगितलं की त्याचा अर्थ 'छान' असा होतो. बरं वाटलं.

नाताळात तू आणि तुझी आई आला नाहीत ते एका परीनं योग्यच झालं. रस्ते वाईट होते. मी वेलदोड्याचा पाव केला होता, आजीच्या मापानं, म्हणजे कणकेच्या दोन मोठ्या वेण्या. एक खाल्ली. दुसरी गोठवून ठेवलीय. चव बदलत नाही म्हणतात.

परीक्षा दिली. हॉल चांगला होता, खुर्च्या नीट होत्या, मात्र खिडक्यांच्या चौकटींना कुणीतरी रंगावर रंग असा दिला होता की एकही खिडकी उघडत नव्हती. परीक्षेबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही.

डॉनानं मला सरावासाठी एका घराचा अहवाल लिहायला सांगितलं. कुठलंही घर. मी आपलंच घेतलं, कारण बाहेर बर्फ दारापर्यंत होता. टॉर्च घेतली, शिडी घेतली, आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखा स्वतःच्या घरात शिरलो. असं करून बघायला हवं माणसानं. मी पुढच्या दारानं आत आलो, जे आपण कुणीच वापरत नाही, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की त्या दारातून आत आलं की समोर उघड्या प्लायवूडची जमीन दिसते. तुझी आई म्हणायची ना, "वॉरेन, पूर्ण झालेलं घर कसं दिसतं ते बघायला मला शेजारी जावं लागतं." मला तेव्हा तो विनोद वाटायचा. ती चांगला विनोद करते.

प्लायवूड तात्पुरतं होतं. वर ओकच्या फळ्या घालायच्या आहेत. फळ्या आहेत, शेडमध्ये.

मी अहवाल लिहिला आणि डॉनाला पाठवला. तिनं लाल पेनानं एवढं खोडलं की कागद आजारी दिसायला लागला. मी लिहिलं होतं: 'तळघराचा जिना. पायऱ्या ओकच्या, मजबूत, सगळ्या सारख्या उंचीच्या. कठडा नाही, कारण मेपलचं एकसलग सरळ लाकूड मिळेपर्यंत थांबणं इष्ट होतं. ते मिळाल्यावर वाळायला ठेवलं. आणि वाळल्यावर घराचे इतर विषय पुढे आले.' तिनं पुढचं सगळं कापून फक्त 'कठडा नाही' एवढंच ठेवलं. फोनवर म्हणाली, "लाहती, या घराचा मालक फार बडबड्या दिसतो."

"कारण दिलं तर वाचणाऱ्याला कळतं."

"वाचणाऱ्याला पडायचं नसतं. कठडा का नाही याच्याशी त्याला काय करायचंय? कारण द्यायचं ते फक्त न बघितलेल्या गोष्टीचं. बघितलेल्या गोष्टीला कारण नको."

हा नियम खरा आहे. तपासनिसाला जे बघता आलं नाही, तेही लिहावं लागतं, आणि का बघता आलं नाही तेही. माळ्यावर सामान भरलेलं होतं. छपरावर बर्फ होता. असं. मग ती दुसऱ्या पानावर आली.

"हे काय? 'वरची पूर्वेकडची खोली: तपासली नाही. कारण: दार बंद.'"

"हो."

"कुलूप आहे का?"

"नाही."

"मग दार बंद हे कारण होत नाही. कारण तेव्हा लिहायचं, जेव्हा आत जाता येत नाही."

"तेच लिहिलंय," मी म्हणालो.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ठीक आहे. हे राहू दे." आणि माळ्याच्या हवेच्या झरोक्यांवर बोलायला लागली.

त्या जिन्याबद्दल आणखी एक. तुझी आई एका हातानं कपड्यांची टोपली कमरेवर धरून, दुसरा हात भिंतीला लावून खाली उतरायची. भिंतीवर त्या उंचीला एक मळकट पट्टा आहे, वरपासून खालपर्यंत, अगदी सरळ. पाणसळ लावून बघितली, जिन्याच्या उताराशी तंतोतंत जुळतो. तो अहवालात लिहिला नाही. तो दोष नव्हे. रंगानं झाकायचा म्हणून मागे डबा आणला होता, तो अजून उघडलेला नाही.

कॅरोल म्हणते तुझी दोन घरं हातची गेली, दुसऱ्या कुणी जास्त पैसे दिले. वाईट वाटून घेऊ नकोस. जी घरं लोक घाईनं घेतात, त्यांची धुराडी फार कमी जणांनी वर चढून बघितलेली असतात.

थंडी पुष्कळ आहे. तलाव इतका गोठलाय की बर्फ आतून बंदुकीसारखा वाजतो. मला त्याची सोबत वाटते, खरं सांगायचं तर. बाकी ठीक.

तुझा,
वॉरेन लाहती (बाबा)


२ एप्रिल

प्रिय आयली,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला आणि मी नको म्हणालो, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी बाकीचं.

लायसन्स आलं. जाड कागद आहे, खाली राज्याचा शिक्का. चौकट मी मागच्या अंगणातल्या पडलेल्या चेरीच्या फांदीची केली. चारही कोपऱ्यांचे सांधे इतके बारीक बसलेत की नखही जात नाही. भिंतीवर लावलं. दोन दिवस बघितलं, मग काढून कपाटात ठेवलं, कारण येऊन बघणारं कुणी नाही आणि मला त्यावर काय लिहिलंय ते पाठ आहे.

डिसेंबरात मी नापास झालो होतो. तुला तेव्हा सांगितलं नाही, खिडक्यांबद्दल लिहिलं. परीक्षेत एक प्रश्न असा होता: तपासणी चालू असताना नळाच्या जोडातून पाणी झिरपताना दिसल्यास तपासनीस काय करील? चार उत्तरं. मी 'बंद करील' यावर खूण केली. तसे आणखीही पुष्कळ प्रश्न होते, आणि सगळ्यांवर मी माझं उत्तर दिलं, तपासनिसाचं नाही दिलं. डॉनाला निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला माहिती कमी नाहीये, लाहती. तुम्हाला हात जास्त आहेत." फेब्रुवारीत परत बसलो. दोन्ही हात मांडीखाली घेऊन प्रश्न वाचले. पास झालो.

आता एकटा जातो. तीन घरं झाली. हे काम असं आहे, आयली, की ज्या घरात मी जातो तिथून एक कुटुंब निघून गेलेलं असतं आणि दुसरं अजून आलेलं नसतं. मधल्या दिवसाचा मी माणूस. भिंतींवर चित्रांच्या जागा फिकट चौकोन असतात. फ्रिज रिकामा, दार फडक्यानं अडवून उघडं ठेवलेलं. मी सगळे दिवे लावतो, सगळे नळ सोडतो, सगळी दारं उघडतो, क्षणभर घराला वाटत असेल कुणीतरी आलं. मग एकेक बंद करत मी बाहेर पडतो. सुरुवातीला गप्प असायचो. आता बोलतो. "बरं आहेस की," असं म्हणतो. किंवा, "हे तुला कुणी केलं?"

परवाच्या घरात खालच्या पायरीची फळी निसटत होती. दोन स्क्रूंचं काम. मी लिहिलं: 'खालची पायरी सैल.' आणि तिच्यावरून लांब पाय टाकून घरी गेलो. रात्रभर ती पायरी माझ्या पायाखाली होती.

आता तुझ्या घराबद्दल. तू दुसरा तपासनीस आणलास, त्याचा अहवाल तू कॅरोलला पाठवलास आणि तिनं तो मला पाठवला. तिला मी मागितला नव्हता. म्हणजे एकदाच मागितला. माणूस चांगला आहे. वायरींबद्दल त्यानं लिहिलंय ते बरोबर आहे, धुराड्याच्या टोपीबद्दल बरोबर आहे, दक्षिणेच्या भिंतीची भेग जुनी आहे आणि वाढत नाही हे त्यानं कसं ठरवलं ते त्यानं नीट लिहिलंय. माझ्याहून कमी शब्दांत. घर घे म्हणून मी सांगत नाही, नको म्हणूनही सांगत नाही. ते तपासनिसानं सांगायचं नसतं आणि मी त्या घराचा तपासनीस नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ज्यानं ते बांधलं त्याला काम येत होतं एवढं फोटोवरून दिसतं.

आठव्या पानावर त्यानं लिहिलंय: 'तळघराचा जिना: कठडा नाही.'

कारण दिलेलं नाही. ते बरोबरच आहे.

मी शेडमध्ये गेलो आणि मेपल खाली काढला. इतकी वर्षं वर तुळईवर आडवा होता. वाकलेला नाही, पिळलेला नाही, टोकाला एकही चीर नाही. एवढं वाळलेलं लाकूड आता विकत मिळत नाही. रंधा फिरवला तर आतून लोण्यासारखा निघाला. तो या घरासाठी ठेवला होता, पण या घरात आता हात धरून खाली उतरणारं कुणी नाही, आणि मला जिना अंधारातही पाठ आहे.

तर तू एक कर. वरच्या पायरीच्या कडेपासून खालच्या पायरीच्या कडेपर्यंत टेप तिरकी, ताणून धर. दोनदा मोज. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा मोज. भिंत बोटाच्या गाठीनं ठोकत जा. जिथे आवाज भरीव येतो तिथे आत खांब असतो, तिथे पेन्सिलीनं खूण कर. आणि तुझा हात सहज कुठे टेकतो ते बघ. पुस्तकातली उंची मला माहीत आहे. मला तुझी हवी.

अर्थात टेप एकट्यानं तिरकी धरली की मध्ये झोल पडतो. एका टोकाला कुणीतरी लागतं.

डॉनाकडे काल कॉफीला गेलो होतो. तिनं विचारलं, "मुलीच्या घराचं काय झालं? तिनं तुम्हाला बोलावलं होतं ना?"

"बोलावलं होतं. दुसऱ्या माणसानं तपासलं."

"तुम्ही का नाही?"

"मी नको म्हणालो."

"पैसे देत होती?"

मी आकडा सांगितला.

"माझ्यापेक्षा पंचवीस जास्त," ती म्हणाली. "मिलवॉकीचा भाव. मग नको का? बापानं मुलीकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून? तो तुमच्या वाडवडिलांचा फिनलंडचा ताठा?"

"दोन वर्षं," मी म्हणालो.

माझा कप अर्धा भरलेला होता, तरी तिनं वर आणखी ओतली. "तिला सांगितलंत हे?"

"नाही. तिनं 'का' विचारलं. मी म्हणालो 'नको'. ती म्हणाली 'बरं'. मग फोन ठेवला."

"तुमच्या घरात शब्द रेशनवर मिळतात का हो?"

"फोनवर जमत नाही मला."

"मग लिहा." आणि मी दारातून बाहेर पडताना मागून म्हणाली, "लाहती, या वेळी कारण लिहा. याला कारण लागतं."

म्हणून लिहितो. फोनवर तुझा आवाज जरा घाईचा होता, वाक्य आधी म्हणून बघितल्यासारखा. "बाबा, तुझ्याकडे आता लायसन्स आहे ना, मग तू ये, तू बघ, मी रीतसर पैसे देईन, इतरांना देतात तेवढेच." इतकी वाक्यं तू माझ्याशी एका दमात बऱ्याच दिवसांत बोलली नव्हतीस. मी गेले सहा महिने शनिवार-शनिवार ज्यासाठी गाडी हाकली, ते हेच होतं, गुडघे नव्हते. तू बोलावलंस आणि माझ्या तोंडून नको आलं, कारण मला एकदम दिसलं की मी येईन, टॉर्च लावून सगळं बघेन, लिहीन, आणि मग दोन वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा हात खिशात घालून बसेन. तुझा नळ गळत असेल आणि मी तो गळू देईन. ते मला जमलं नसतं. परक्यांच्या घरात जमतं.

पाना खिडकीच्या कट्ट्यावरून परत खिशात आलाय. खळगा होताच. रस्ते आता मोकळे आहेत. वेलदोड्याच्या पावाची वेणी बर्फातून काढून ठेवली, तर दोन दिवस टिकेल. मोजमाप पाठव, नाहीतर नुसती तारीख पाठव.

तुझं घर नुसतं बघून जायचे जे पैसे तू मला देऊ केलेस आणि मी नाही म्हणालो, ते: चारशे पंचाहत्तर डॉलर.

बाबा